खलनायकाचे वकील

सध्या एक नवीच वकिली बोकाळली आहे. तिला सनद लागत नाही, काळा डगला लागत नाही, आणि अशीलही हाडामांसाचा लागत नाही. अशील असतो पडद्यावरचा. कुणी गावेच्या गावे जाळलेला, कुणी पोराला विष घातलेला, कुणी आपल्याच भाऊबंदांचे शिरकाण करून परागंदा झालेला. वकील असतात त्याचे चाहते, आणि वय म्हणाल तर बारापासून पन्नासपर्यंत कोणतेही. युक्तिवाद मात्र बहुधा एकच : “पण त्यानं किती भोगलंय, ते तुम्हाला कुठं ठाऊक आहे?”

मला ते चांगले ठाऊक आहे. मी कादंबऱ्या लिहिते. पात्रांना भोगायला लावणे हा माझा धंदाच आहे. पोटासाठी शाळेत शिकवते, त्यामुळे ही वकिली मधल्या सुट्टीत रोज कानांवर पडते. तेव्हा आज मी फिर्यादीच्या बाजूने उभी राहणार आहे. फिर्यादी म्हणजे ती माणसे, जी या लाडक्या नायकांच्या हातून मेली आणि ज्यांची नावे त्यांच्या चाहत्यांना धड सांगता येत नाहीत.

ज्या वडीलधाऱ्यांना हा विषय पोरकट वाटेल, त्यांच्यासाठी दोन शब्द. जपानी चलचित्रमालिकांना आपली मुले ‘ॲनिमे’ म्हणतात. आपण त्यांना ‘कार्टून’ म्हणतो आणि पुन्हा वर्तमानपत्रात डोके घालतो. वस्तुतः त्यांतल्या पुष्कळ मालिका लहान मुलांसाठी नाहीतच. त्यांत युद्धे आहेत, नरसंहार आहेत, राजसत्तेची कारस्थाने आहेत, आणि ज्याच्या हातून घोर पाप घडले त्याने पुढे जगायचे कसे, हा प्रश्नही आहे. सातवी-आठवीतली पोरे हे सारे ताटाशेजारी फोन ठेवून पाहतात आणि खून, सूड, क्षमा यांविषयी आपापले निकाल देऊन हात धुवायला उठतात. त्या निकालांची उलटतपासणी घ्यायला घरात कोणी नसते.

प्रेक्षक हा न्यायाधीश असतो, हे काही मी नवे सांगत नाही. अकिरा कुरोसावा यांनी ते १९५० सालीच दाखवून ठेवले आहे. त्यांच्या ‘राशोमोन’ला १९५१ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि जपानी चित्रपटाकडे जगाचे लक्ष वळले. त्यात एका सामुरायाचा मृत्यू होतो आणि त्याच्या चार हकिकती आपण ऐकतो. चौकशीच्या प्रसंगी साक्षीदार अंगणात बसून बोलतात, कुणीतरी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देतात; परंतु न्यायाधीश कोठे दिसत नाही, त्याचा आवाजही येत नाही. साक्षीदाराचे तोंड सरळ आपल्याकडे असते. न्यायाधीशाची बैठक कुरोसावांनी आपल्यासाठी रिकामी ठेवली आहे. त्या बैठकीवरून उठून आरोपीच्या खांद्यावर हात टाकायला जाणे, हा आजच्या चाहत्याचा पहिला अपराध.

उदाहरण घेऊ. हिरोमु अराकावा या चित्रकथाकार बाईंची ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही कथा २००१ ते २०१० या काळात जपानी मासिकातून क्रमशः आली. तिच्यात शो टकर नावाचा एक किमयागार आहे. सरकारी परवाना टिकावा म्हणून तो आपली चिमुरडी मुलगी नीना आणि अलेक्झांडर नावाचा कुत्रा या दोघांना एकत्र करून एक केविलवाणा बोलता पशू बनवतो. टकरचे नाव काढले की जगभरचे चाहते थुंकतात, आणि ते योग्यच आहे. याच कथेत रॉय मस्टँग नावाचा देखणा सेनाधिकारी आहे. बोटांच्या एका चुटकीने तो आग लावतो, आणि इश्वालच्या संहारात त्याने त्या आगीने माणसांच्या वस्त्या भाजून काढल्या आहेत. मस्टँग चाहत्यांच्या गळ्यातला ताईत!

हे कसे? टकरच्या हातून त्याची बायको, एक मूल आणि एक कुत्रा गेला. मस्टँगच्या हातून किती माणसे गेली, त्याची मोजदाद नाही. फरक इतकाच की नीनाला आपण अंगणात खेळताना पाहिले होते. तिचे नाव आपल्याला माहीत होते. इश्वालच्या मृतांना चाहत्यांच्या लेखी नाव नाही, गाव नाही, वेणी नाही, कुत्रा नाही. शिवाय मस्टँगला गणवेष शोभून दिसतो. म्हणजे जो निकाल नीतीच्या नावाने दिला जातो, तो वास्तविक ओळखीचा आणि रूपाचा निकाल असतो.

गंमत अशी की लेखिकेने स्वतः मस्टँगला मुळीच सोडलेले नाही. इश्वालचा भाग लिहिण्यापूर्वी अराकावाबाईंनी प्रत्यक्ष युद्धावर जाऊन आलेल्या वृद्धांच्या आठवणी ऐकल्या होत्या. त्यामुळे तिथे गोडगोड काही उरलेले नाही. मस्टँगची निष्ठावंत सहकारी हॉकाय स्पष्ट सांगते की देशात लोकांचे राज्य आणायचे, आणि मग त्याच राज्याने आम्हांला इश्वालबद्दल आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे, असा आमचा बेत आहे. म्हणजे आरोपी गुन्हा कबूल करायला निघाला आहे आणि वकील त्याच्या तोंडावर हात ठेवून ओरडतो आहे, “माझा अशील निर्दोष आहे!”

आता उलट बाजू पाहा. हे दयाळू वकील क्षमा कुणाला करत नाहीत? दुबळ्याला. १९९५-९६ मध्ये हिदेआकी आन्नो यांची ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ ही २६ भागांची मालिका आली. तिचा नायक शिंजी हा चौदा वर्षांचा, आईविना वाढलेला मुलगा. बापाने लहानपणीच दुसऱ्यांकडे टाकलेला. तोच बाप एके दिवशी बोलावून घेतो आणि एका अक्राळविक्राळ यंत्रात बसून लढ म्हणतो. मुलगा घाबरतो, रडतो, पळून जातो, परत येतो. त्याला ‘रडका’, ‘भित्रा’, ‘बायल्या’ म्हणणाऱ्यांची संख्या आज तीस वर्षांनंतरही कमी झालेली नाही. कुळाचा संहार करणारा इताची चालतो, कारण तो रडत नाही. पाहणारा त्याच्या जागी स्वतःला कल्पून ताठ होतो. शिंजीच्या जागी स्वतःला कल्पावे तर आपलेच चौदावे वर्ष आठवते, आणि ते कुणाला आठवायचे नसते.

आणि दुसरी जी व्यक्ती क्षमेच्या बाहेर राहते, ती म्हणजे नायकाला आडवी येणारी बायको. ‘ब्रेकिंग बॅड’ ही अमेरिकन मालिका २००८ ते २०१३ या काळात चालली. तिचा नायक वॉल्टर व्हाइट हा रसायनशास्त्राचा शिक्षक, म्हणजे माझाच पेशाबंधू! कर्करोग झाल्यावर तो कुटुंबासाठी म्हणून जहाल मादक द्रव्य बनवू लागतो. पुढे एक तरुण मुलगी डोळ्यांदेखत गुदमरत असताना तो हात बांधून उभा राहतो. एका पोरावर विषप्रयोग करतो. त्याची बायको स्कायलर त्याला विरोध करते. प्रेक्षकांनी द्वेष कुणाचा करावा? स्कायलरचा! तो द्वेष इतका वाढला की ती भूमिका करणाऱ्या अॅना गन यांना २०१३ च्या ऑगस्टमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून आपली बाजू मांडावी लागली. नवऱ्याचे खून चालतील, पण बायकोची कटकट नको! हा न्याय ओळखायला आपल्याला अमेरिकेपर्यंत जावे लागते असे मला वाटत नाही. आणि पुन्हा तीच गोष्ट : शेवटच्या भागात हा व्हाइट त्याच स्कायलरसमोर मान्य करतो की, मी हे कुटुंबासाठी नव्हे, स्वतःसाठी केले, मला ते आवडत होते. आरोपी कबूल, वकील नाकबूल!

माझे विरोधक आता म्हणतील, “बाई, तुमचे काळीज दगडाचे आहे. दुष्टाच्या दुःखाने डोळे भरून येणे हा माणुसकीचा गुण नव्हे काय?” आहे, निश्चित आहे. जपानी लोकांनी तर हरणाऱ्याविषयीच्या या जिव्हाळ्याला खास शब्द ठेवला आहे, ‘होगान-बिइकी’. ११८९ मध्ये थोरल्या भावाच्या वैरामुळे प्राणाला मुकलेल्या योशित्सुने या वीराच्या पदवीवरून तो आला. माझा वाद अश्रूंशी नाही. अश्रूंचा पावतीसारखा उपयोग करून गुन्हा खात्यावरून कमी करण्याशी आहे.

‘डिमन स्लेअर’चे पाहा. कोयोहारू गोतोगे यांची ही कथा चित्रकथेच्या रूपाने २०१६ ते २०२० मध्ये आली. २०२० च्या चित्रपटात अकाझा नावाचा राक्षस रेंगोकू या उमद्या वीराला ठार करतो; पोरांनी रेंगोकूसाठी रडून उशा भिजवल्या. २०२५ मध्ये पुढचा चित्रपट आला, सप्टेंबरात आपल्याकडच्या चित्रपटगृहांतही लागला. त्यात अकाझाचे पूर्वायुष्य उलगडते : आजारी बापाच्या औषधासाठी चोऱ्या करणारा पोर, लाजेने गळफास घेतलेला बाप, पुढे आसरा देणारा गुरू आणि त्याची मुलगी, आणि त्या दोघांवर शेजाऱ्यांनी केलेला विषप्रयोग. मग सूडापोटी सदुसष्ट माणसांची कत्तल. पोरे आता अकाझासाठी रडली. रडोत बापडी! परंतु रडून बाहेर आल्यावर त्यांच्यापैकी एकजण मला सांगू लागला की, अकाझाचा तसा काही दोष नव्हता. मी विचारले, “आणि रेंगोकू?” तो क्षणभर गप्प राहिला. पाच वर्षांत एक अश्रू दुसऱ्या अश्रूने पुसला गेला होता.

गोतोगे यांनी मात्र असे काही केलेले नाही. त्यांच्या कथेचा नायक तांजिरो हा कोळसे विकणाऱ्याचा मुलगा. तो राक्षसाचे मुंडके उडवतो आणि मरणाऱ्या राक्षसासाठी शोकही करतो. एका ठिकाणी मेलेल्या राक्षसाच्या वस्त्रावर सहकाऱ्याचा पाय पडतो, तेव्हा तांजिरो त्याला पाय काढायला सांगतो. हाही एके काळी माणूस होता, असे म्हणतो. पण आपण तलवार चालवली ते चुकले, असे तो म्हणत नाही. करुणा आणि निवाडा यांची एकाच मनात सोय होऊ शकते, हे त्या कोळसेवाल्याच्या पोराला कळते आणि आपल्या शहाण्या चाहत्यांना कळत नाही. आणि अकाझा? स्वतःची ओळख पटल्यावर तो अखेरचा घाव स्वतःवरच घालतो. तिसरा आरोपी, तोही कबूल!

हे सारे परदेशी वेड आहे असे समजून कुणी पानसुपारीला उठू नये. हीच वकिली आपल्या माजघरात पिढ्यानपिढ्या चालू आहे. अशिलाचे नाव कर्ण. १९६७ या एकाच साली मराठीत दोन पुस्तके निघाली. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने कर्णाला स्वतःच्या तोंडाने बोलू दिले आणि घराघरांतून त्याच्यासाठी हुंदके फुटले. इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’ने महाभारतातल्या माणसांना, कर्णालाही, तराजूत घातले. दोन्ही पुस्तके उत्तम, दोन्ही घरात हवीत. परंतु आपण पहिले उशाशी घेतले आणि दुसरे कपाटात ठेवले. भर सभेत द्रौपदीला वेश्या म्हणणारा आणि तिची वस्त्रे काढून घ्या म्हणून दुःशासनाला सांगणारा कर्णच होता, हे सांगितले की लोकांना राग येतो, जणू मी त्यांच्या घरच्या माणसाची निंदा केली. खुद्द कर्ण मात्र उद्योगपर्वात कृष्णाजवळ म्हणतो की, दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून मी पांडवांना जे कठोर बोललो, त्याचा मला आता ताप होतो. व्यासांच्या कर्णाला आपली चूक कळते. चाहत्यांचा कर्ण चुकतच नाही. यांतला मोठा कोण, हे वाचकांनीच ठरवावे. चूक कळण्याची थोरवी त्याच्यापासून हिरावून घेणे, याला मी भक्ती म्हणणार नाही.

आता दुसऱ्या टोकाला बसलेल्या मंडळींकडे वळू. ती माझ्यावर खूश झाली असतील तर त्यांचा गैरसमज दूर केला पाहिजे. ही मंडळी सोवळ्यातली. दुष्ट पात्र रंगवणारा लेखकच दुष्ट, आणि ते पात्र आवडणारा प्रेक्षकही त्याच माळेचा मणी, असा त्यांचा दावा. यांचेही काही नवे नाही. हॉलिवूडने १९३४ पासून १९६८ पर्यंत एक आचारसंहिता कसोशीने चालवली, तिच्यात प्रेक्षकांची सहानुभूती अपराधाच्या बाजूला जाता कामा नये असा दंडकच होता. जपानातही ‘सज्जनास बक्षीस, दुर्जनास शासन’ या साच्याचा अंमल होता. बाकिन यांनी १८१४ ते १८४२ अशी अठ्ठावीस वर्षे खपून आठ वीरांची जी प्रचंड कथा लिहिली, तिच्यातला एकेक वीर म्हणजे एकेका सद्गुणाचा पुतळा. त्सुबोउची शोयो या तरुण लेखकाने १८८५-८६ मध्ये त्यावर टीका केली की, ही माणसे नव्हेत. कादंबरीचे पहिले काम माणसाच्या मनातले खरे भाव दाखवणे हे आहे. आधुनिक जपानी कादंबरीचा पाया तिथे पडला, असे मानतात. त्या शोयोंच्या बाजूने मी शंभर वेळा हात वर करीन. दुर्जनाचे मन उघडून दाखवू नका, असे सांगणाऱ्याने माझ्या हातातले पेनच काढून घेतले! माझे म्हणणे इतकेच की, लेखकाने मन उघडून दाखवले म्हणजे त्याने माफीपत्रावर सही केली असे होत नाही.

सोवळ्यातली मंडळी आणि वकील मंडळी एकमेकांची वैरी दिसतात, पण गफलत दोघांची एकच आहे. समजून घेणे म्हणजे माफ करणे, असे दोघेही धरून चालतात. म्हणून एक पक्ष समजून घेताच माफ करतो, आणि दुसरा माफ करावे लागेल या भीतीने समजूनच घेत नाही.

मग यात एवढे जिवावर उदार होऊन भांडण्यासारखे काय आहे? ते सांगून संपवते.

‘डेथ नोट’ नावाची कथा आहे. त्सुगुमी ओबा यांनी लिहिलेली, ताकेशी ओबाता यांनी रेखाटलेली. २००३ ते २००६ मध्ये ती साप्ताहिकातून आली, आणि २००६-०७ मध्ये तिची ३७ भागांची मालिका झाली. लाइट यागामी या हुशार विद्यार्थ्याला यमदूताची एक वही सापडते. चेहरा आठवून तीत ज्याचे नाव लिहावे, तो मरतो. लाइट दूरदर्शनच्या बातम्या लावून बसतो आणि गुन्हेगारांची नावे लिहीत सुटतो. लोक त्याला ‘किरा’ म्हणतात, देव मानतात. कथेत गुन्हे घटतातही. माझ्या वर्गातली हुशार मुले त्याच्या बाजूची आहेत. “बाई, त्यानं वाईट लोकांनाच मारलं ना?” मी म्हणते, दुसराच भाग नीट पाहा. दूरदर्शनवर एक गृहस्थ येतो आणि किराला दुष्ट म्हणतो. लाइट तत्क्षणी त्याला मारतो, तेही त्याला आपला पाठलाग करणारा तपासनीस समजून. तो माणूस वास्तविक फाशीचा कैदी निघतो, गळाला लावलेले आमिष. पण मारणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. म्हणजे ‘मला वाईट म्हणणारा’ हीच वाईटाची व्याख्या व्हायला दोन भागही पुरले नाहीत. पुढे अमेरिकेतून तपासाला आलेले बारा अधिकारी मेले. त्यांतल्या एकाची वाग्दत्त वधू नाओमी मिसोरा सत्याच्या अगदी जवळ पोहोचली होती. लाइट गोड बोलून तिचे खरे नाव काढून घेतो आणि ती स्वतःच्या पायांनी मरणाकडे चालत जाते. मी वर्गात त्या बारांपैकी कुणाचीही नावे विचारली. लाइटच्या बटाट्याच्या वेफर्सची पुडी सगळ्यांना आठवत होती. मेलेल्यांपैकी एकाचेही नाव आठवेना. ज्या गोष्टीत नाव लिहिले की माणूस मरतो, त्या गोष्टीतली ही दशा!

हा प्रकार पडद्यावरच राहता तर सणासुदीच्या अंकात मी तो उकरून काढला नसता. ६ डिसेंबर २०१९ च्या पहाटे हैदराबादजवळ एका भीषण गुन्ह्यातले चार आरोपी पोलिसांच्या गोळ्यांनी मेले. गुन्हा अंगावर काटा आणणारा होता, आणि देशभरच्या आयाबहिणींचा संताप रास्त होता. लोकांनी पोलिसांवर फुलांच्या पाकळ्या उधळल्या, पेढे वाटले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्ती विकास सिरपूरकर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल २०२२ मध्ये बाहेर आला : स्वसंरक्षणाची हकिकत विश्वासार्ह नाही, गोळ्या जीव घेण्याच्या हेतूने झाडल्या गेल्या, आणि चौघांपैकी तिघे त्या वेळी अल्पवयीन होते. ते चौघे दोषी होते की निर्दोष, हे आता कोणतेच न्यायालय ठरवू शकणार नाही. पाकळ्या उधळणाऱ्यांनी ‘डेथ नोट’ पाहिली होती, असे मी म्हणत नाही. मी म्हणते, त्या कथेने लोकांच्या मनातली ही वही फार आधी ओळखली होती. ती ओळखण्यासाठीच तर अशा कथा लिहितात! आणि आपण त्या पाहून किराला टाळ्या देतो.

म्हणून माझी मागणी लहान आहे. या दिवाळीत मुले घरात आहेत. फराळाचे ताट घेऊन एक संध्याकाळ त्यांच्या शेजारी बसावे, आणि ती जे पाहतात ते पाहावे. ‘बंद कर ते’ म्हणू नये. त्यांच्या लाडक्या खलनायकाला शिव्याही देऊ नयेत. त्याच्या दुःखाने डोळे ओले झाले तर होऊ द्यावेत, आपलेही आणि त्यांचेही. मग भाग संपल्यावर फक्त एवढे विचारावे : “यात जो मेला, त्याचं नाव काय होतं रे?” पहिल्यांदा उत्तर येणार नाही. दुसऱ्या वेळी पोर मागे नेऊन पुन्हा पाहील. तिसऱ्या वेळी ते नाव आधीच लक्षात ठेवील. न्यायाधीशाच्या बैठकीवर बसायला शिकणे म्हणजे याहून फार निराळे काही असते, असे मला वाटत नाही.